पिलबगच्या (ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात राहणारा, हात लावला की गोळी होणारा बारीक प्राणी) पोटाखाली पांढरे बारीक किडे वळवळताना दिसले, हे परजीवी आहेत का? मीठ टाकून मारावेत का?

परजीवी नाहीत हो, तिची स्वतःची पिल्लं आहेत ती! मीठ आधी बाजूला ठेवा.

प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हेच परजीवी-परजीवी मी माझ्या दाजींच्या तोंडून ऐकलंय. दाजी झूलॉजीवाले, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी डब्यात ओली माती आणि कुजका पाला घालून पिलबग पाळले होते, त्यातल्या एका मादीचं पोट खालून पिवळसर दिसायला लागलं म्हणून भिंग घेऊन त्यांना दाखवायला गेले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, अंडी चिकटली असतील, किड्याला कसलं आलंय आईपण. मुळात हा कीटकच नाही, खेकडा-कोळंबीच्या गोतातला प्राणी आहे, हे दाजींनाही माहीत होतंच की! आणि अंडी चिकटलेली नसतात. मादी अंडी घालण्याआधी एक खास कात टाकते, तीही अर्धी-अर्धी, आधी मागचं अंग मग पुढचं, आणि त्यातून पुढच्या पाच जोड्या पायांच्या मुळाशी पातळ पापुद्रे येतात, ते कौलांसारखे एकमेकांवर चढतात आणि खाली बंद पिशवी होते. अंडी थेट तिच्यात. आत द्रव असतो, आईच्या अंगातून आत मऊ बोटांसारखे उंचवटे आलेले असतात आणि त्यांच्यातून अंड्यांना पोषण आणि ऑक्सिजन मिळतो. म्हणजे आई जिथे जाईल तिथे तिचं डबकं तिच्यासोबत! म्हणून तर या प्राण्यांना अंडी घालायला पाण्यात परत जावं लागत नाही. याला नुसतं 'चिकटलंय' म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पुढे पिल्लं बाहेर पडली, पांढरी, जवळजवळ पारदर्शक. दाजींनी भिंगातून पाय मोजले, सहा जोड्या. मोठ्यांना सात असतात. झालं, म्हणाले बघ, वेगळाच प्राणी आहे, परजीवी! अहो नवजात पिल्लाला सहाच जोड्या असतात. पहिली कात ते साधारण दिवसभरात टाकतं, तेव्हा अंगाचा सातवा खंड दिसायला लागतो, सातवी जोडी त्याच्या पुढच्या कातीला येते. माझ्या डब्यातल्यांनाही आली, मी दाखवायला बोलावलं तर दाजींना वेळ नव्हता.

आणि आईपणच हवं असेल तर हेमिलेपिस्टस रेओमुरी बघा, उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या वाळवंटातली, पिलबगच्याच नात्यातली जात. नर-मादी जोडीने बिळात राहतात, दाराशी पहारा देतात, पिल्लांना खाणं आणून देतात आणि आपल्या कुटुंबाचं कोण, परकं कोण हे अंगावरच्या रसायनांवरून ओळखतात. कार्ल एडुआर्ड लिन्सेनमायर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

हां, सगळ्याच जाती असं करत नाहीत हे मान्य. तुमच्याकडच्या बहुतेक पिशवीतून सोडल्यावर पिल्लांकडे फारसं बघणार नाहीत. आणि कोवळी रोपं असतील तर हे कधीकधी कुरतडतात, तेव्हा रोपांजवळचा ओला पाला काढा, तेवढं पुरतं, बाकी कुजकं खाऊन ते मातीचं भलंच करतात.

मादी जिथून उचलली तिथेच ओलीत ठेवा, कोरड्यात तिचा जीव जाईल. पिल्लं एकदम नाही, थोडी थोडी बाहेर पडतील. आणि घरात कोणी शिकलेलं माणूस परजीवी म्हणून अडून बसलं तर वाद घालू नका, हातात भिंग द्या आणि पाय मोजायला लावा, एकदा आज आणि एकदा काही आठवड्यांनी, आणि दुसऱ्या वेळी वेळ नाही म्हणाले तरी सोडू नका.