काळ्या मातीत वाजणारा डिटेक्टर

प्रश्न : कराडजवळच्या आमच्या शेतात नवा, स्वस्त मेटल डिटेक्टर सतत वाजतो, खणल्यावर मात्र काहीच सापडत नाही. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा यंत्राचा नसून जमिनीचा आहे. बेसाल्टपासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात आणि संवेदनशीलता पूर्ण वाढवली की यंत्र त्यांनाच धातू समजते. म्हणून फसवा आवाज थांबेपर्यंत ती कमी करावी आणि तबकडी जमिनीपासून दोन बोटे वर, समांतर धरून सावकाश फिरवावी. दोन्ही दिशांनी एकाच जागी येणारा आवाजच खणण्याजोगा असतो. सरावासाठी तांब्याचा तुकडा जमिनीत पुरून तो शोधावा, नाणे नको : रुपयाचे हल्लीचे नाणे पोलादी असल्याने यंत्र ते लोखंड म्हणून वगळू शकते. आणखी एक महत्त्वाचे : १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.