निवांत: वाऱ्याचं की दुधाचं?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या कार्यालयात मनःस्वास्थ्यावर व्याख्यान झालं. पडद्यावर पहिलंच वाक्य होतं, 'स्वतःला निवांत बसण्याची परवानगी द्या आणि रोजच्या जगण्याचं कौतुक करा.' हे मराठी आहे का? 'परवानगी'च्या जागी 'मुभा' म्हटलं तर बरं होईल का?"

नाही. आणि हो, थोडं बरं होईल. पण थांबा, इतक्यात सुटका नाही. हे वाक्य मी या महिन्यात चौथ्यांदा ऐकतोय आणि चारही वेळा माझं डोकं फिरलं आहे.

शब्द सगळे आपले, वाक्य परक्याचं. परवानगीला देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा लागतो. घर बांधायला नगरपालिकेची, मांडव घालायला पोलिसांची, सहलीला जायला वडिलांची. आता देणारेही तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच, तर अर्ज कोणी करायचा आणि शिक्का कोणी मारायचा? शब्दाच्या पोटातच दरबार आहे. फारसीत परवाना म्हणजे लेखी हुकूम. रवाना वरून रवानगी, तशी परवाना वरून परवानगी. (शमेवर झेप घेणारा पतंग, तो परवानाही रूपाने हाच. त्याच्या नात्याच्या भानगडीत आज शिरत नाही.) दुपारी अर्धा तास पडायला ज्याला हुकूमनामा लागतो, त्याला व्याख्यानाची नाही, वकिलाची गरज आहे.

मुभा मात्र गोड शब्द आहे. अरबी मुबाह. इस्लामी धर्मशास्त्रात माणसाच्या प्रत्येक कृतीला पाचांपैकी एका रकान्यात बसवतात. एका टोकाला केलंच पाहिजे ते, मग केलं तर उत्तम ते. दुसऱ्या टोकाला हराम, त्याच्या अलीकडे न केलेलं बरं ते. आणि मधोमध मुबाह: केलं तर पुण्य नाही, नाही केलं तर पाप नाही. दुपारचं लवंडणं नेमकं या मधल्या रकान्यातलं. हल्ली त्याला उचलून पुण्याच्या रकान्यात टाकायची घाई झाली आहे. 'विश्रांती घ्या, म्हणजे उद्या जास्त काम होईल.' म्हणजे पडायचं तेही साहेबासाठीच. मुभा हा शब्द असला हिशेब मागत नाही. म्हणून तुमची सूचना मला मान्य. तरीही 'स्वतःला मुभा द्या' हे वाक्य लंगडतंच. का, ते पुढे सांगतो.

विश्रांती, आराम यांवर वेळ घालवत नाही. श्रान्ति म्हणजे थकवा, तो उतरला की विश्रान्ति. शाळेत झालं आहे. आराम फारसी की संस्कृत यावर लोक हमरीतुमरीवर येतात, ते व्यर्थ आहे. दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे मूळ रम् हेच आहे. विसावा म्हणजे विश्राम. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसा विश्रामचा विसावा. एवढंच की बंगल्याला 'विसावा' नाव देणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, वारीत रात्रीचा तो मुक्काम, आणि वाटेत घटकाभर पालखी टेकवतात तो विसावा. म्हणजे विसाव्यानंतर उठून चालायचं असतं. दुसरी अशी की स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवून खांदेकरी बदलतात, त्या जागेलाही गावोगाव विसावाच म्हणतात. पाटी रंगवण्याआधी विचार करा. आणि वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर होणं. दोन तास घोरण्याला तो शब्द वापरू नका.

आता निवांत. याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

आमच्या वाचनालयात संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांचं मत ठाम: निवांत म्हणजे निवात, ज्याला वारा लागत नाही ते. पुराव्याला गीतेचा सहावा अध्याय: यथा दीपो निवातस्थो नेङ्गते. वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसं योग्याचं चित्त. कोशांचा आधारही ते दाखवतात. चित्र सुंदर आहे, नाकारत नाही. (दुसरे एक गृहस्थ 'नि अधिक अंत, ज्याला अंत नाही ते निवांत' असं सांगत फिरतात. मधला व त्यांनी कुठून आणला ते विचारलं की त्यांना बस पकडायची असते. आणि नि अधिक वांत असा विग्रह करणाऱ्यांनी संस्कृतात वान्त म्हणजे ओकलेलं, हे पाहून घ्यावं.)

पण गुरुजींच्या निवातला माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप ध्वनीचा. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा त प्राकृतातून मराठीत येईपर्यंत टिकत नाही. मातेची माय होते, भ्राता भाऊ होतो, घाताचा घाव होतो. निवात हा शब्द लोकांच्या तोंडून घासत आला असता तर त्याचा त केव्हाच गळला असता. पोथीतून जसाच्या तसा उचलला म्हणावं, तर मग मधला अनुस्वार कुठून आला? गुरुजी म्हणतात, आपोआप आला, अश्रूचा आंसू झाला तसा. आपोआप येणारी गोष्ट फक्त पाहुणा असतो. अनुस्वाराला कारण लागतं.

माझं म्हणणं असं. निवांत आला तो निवणे या क्रियापदातून. निवणे म्हणजे थंड होणे, शांत होणे. दूध निवतं, भात निवतो, नातवाला पाहून आजीचे डोळे निवतात. हे निवणे म्हणजे संस्कृतातलं निर्वा, प्राकृतातलं णिव्वाइ. आणि 'करत असलेला' हा अर्थ दाखवायला प्राकृतात अंत लागत असे. त्याचा धडधडीत जिवंत पुरावा म्हणजे जिवंत हाच शब्द! जीव् चं जीवंत, म्हणजे जगत असलेला. त्याच चालीवर निवांत म्हणजे निवत असलेला. उसंतही याच घरातली असावी असा माझा दाट संशय आहे: उसासत असलेला, श्वास घ्यायला सापडलेला वेळ. गुरुजींनी यावर लगेच टाकलं, "दंतचा दात झाला, मग तुमच्या निवांतचा निवातच व्हायला हवा होता." मी म्हटलं, आधी जिवंतचा जिवात का झाला नाही ते सांगा. गेल्या गुरुवारपासून आमचं बोलणं बंद आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मे महिन्यात नागपुरात, खिडक्या लावून, पंखा बंद करून, निवात जागी बसा आणि पाच मिनिटांनी स्वतःला निवांत म्हणवून दाखवा. निवात जागा असते, दिवा असतो. निवांत माणूस असतो. 'ती निवांत बसली आहे' या वाक्यात वाऱ्याचा काय संबंध? उलट अंगणात झुळूक आली म्हणूनच ती निवांत झालेली असते.

गंमत पुढे आहे. निवात आणि निवणे, दोन्हींचं मूळ एकच, वा म्हणजे वाहणे, फुंकणे. निर्वाणही त्यातलंच. आणि यावर पाणिनीचं एक सूत्र आहे, आठव्या अध्यायातलं, ८.२.५०: निर्वाणोऽवाते. वाऱ्याबद्दल बोलत नसाल तर निर्वाण म्हणा. अग्नी विझला, निर्वाण. दिवा मालवला, निर्वाण. भिक्षू शांत झाला, तोही निर्वाण. पण वारा स्वतःच पडला असेल तर मात्र निर्वात. पाहा, वाऱ्याचा कप्पा आणि निवण्याचा कप्पा या माणसाने अडीच हजार वर्षांच्या आसपास आधीच वेगळा करून ठेवला आहे! गुरुजी वाऱ्याच्या कप्प्यात शब्द शोधत बसले, माल शेजारच्या कप्प्यात. मला हे सूत्र सापडलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि उठवून सांगावं असं घरात कोणी राजी नव्हतं.

आता दुधाकडे या, म्हणजे तुमच्या प्रश्नाकडेही येता येईल.

विरजण लावायचं दूध तापवून उतरवलं की माझी आई परातीत पाणी ओतायची, त्यात पातेलं ठेवायची आणि वर जाळी. ताट झाकायचं नाही, वाफ धरते आणि पाण्याचे थेंब दुधात पडतात. दर पाच मिनिटांनी मी बोट घालून बघायला जायचो आणि ती म्हणायची, "हात लावू नको, निवू दे." ढवळलं तर साय धरत नाही. नुसतं ठेवलं की आधी कडेला सुरकुती येते, मग मधोमध तवंग घट्ट होत जातो. निवणे हे अकर्मक क्रियापद आहे. दूध काहीच करत नाही, त्याचं ते निवतं.

आपल्याकडची या कुळातली क्रियापदं बहुतेक अशीच आहेत. टेकतो, लवंडतो, कलंडतो, आडवा होतो, विसावतो, पडतो. डोळा लागतो, तोही आपसूकच. आपण लावत नाही. 'स्वतःला' हे कर्म घुसवायला जागाच नाही. म्हणून 'स्वतःला मुभा द्या' लंगडतं म्हटलं. आणि जी काही परवानगी लागते ती आपण 'जरा' या दोन अक्षरांत काढून ठेवलेली आहे. "जरा पडते गं" म्हणून आजी दुपारी कलंडायची, ते जरा चहाच्या वेळेपर्यंत चालायचं. हे जरा म्हणजे मूळचं ज़र्रा, धुळीचा कण. एक कणभरच मागून घ्यायचं, म्हणजे कोणाची हरकत येत नाही. (संस्कृतात जरा म्हणजे म्हातारपण. आजीला दोन्ही लागू होते.)

कोणीतरी आता समर्थांना मध्ये आणणारच. 'मना चंदनाचे परी त्वां झिजावे', आणि तुम्ही काय पडायच्या गोष्टी करता? तर मनाच्या श्लोकांतल्या आठव्याची पुढची ओळही म्हणा: 'परी अंतरी सज्जना नीववावे'. हे आपलंच निववणे. भुजंगप्रयात वृत्तात तिथे गुरू, म्हणजे दीर्घ अक्षर, हवं म्हणून नी दीर्घ झाली, बाकी शब्द परातीतल्या पातेल्याचाच. खरं सांगायचं तर इथे निववायचं आहे ते दुसऱ्यांना. समर्थ माझ्या बाजूने बोलत नाहीत, हे कबूल. पण ज्यांनी सहाणेवर चंदन उगाळलं आहे त्यांना विचारा. पाणी न घालता घासलं तर नुसता खरखराट होतो, गंध निघत नाही.

राहिलं कौतुक. संस्कृतात कौतुक म्हणजे नवल, उत्सुकता. लग्नात मनगटाला बांधायच्या धाग्यालाही हेच नाव. जुन्या मराठीत कवतिक म्हणजे नवलच. मग 'रोजच्या जगण्याचं कौतुक' म्हणजे जे रोज होतं त्याचं नवल. ऐकायला विरोधाभास, पण मला तो आवडला. त्या वाक्यातला तेवढाच भाग मी खोडणार नाही. फक्त 'करा' म्हणून हुकूम सोडू नका. कौतुक वाटावं लागतं. ओढूनताणून केलेल्या कौतुकाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: "कसलं मेलं कौतुक!"

तर पडद्यावर काय लिहायचं? आईच्या वाक्यात उत्तर आहे. मराठीत मुभा द्यायची ती नामाने नाही, ऊ देणे या जोडणीने: बसू दे, असू दे, राहू दे, निवू दे. आणि द्यायची कोणाला, तर 'स्वतः'ला नाही. मराठी माणूस स्वतःशी बोलताना जिवाशी बोलतो. जिवाला घोर लागतो, जीव टांगणीला लागतो, जीव रमतो, जीव भांड्यात पडतो. म्हणून: 'जिवाला जरा निवू द्या.' चार शब्द, मोठ्या टायपात बसतील.

व्याख्यात्यांना 'निवांत' शब्द हवाच असेल तर खुशाल ठेवू द्या. फक्त आमच्या गुरुजींना श्रोत्यांत बसवू नका, ते उठून सभागृहातले पंखे बंद करायला लावतील.