समुद्रावर लपायला जागा नाही

(वाचकांचे सिनेमाविषयीचे प्रश्न आणि आमच्या ताईंची उत्तरं. ताई मूळच्या गोव्यातल्या पेडण्याच्या. वीस वर्षं शूटिंगवर कंटिन्युइटी (एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, ते बघायचं काम) सांभाळली, आता म्हापशाला असतात.)

प्रश्न : ताई, आम्ही मांद्र्याचे चार मित्र. बारावी झाली. मे महिन्यात फोनवर अर्ध्या तासाचा विनोदी सिनेमा करायचा आहे. मुंबईची तीन मुलं गोव्यात येतात, समुद्रावर धमाल करतात, एकाला मुलगी आवडते, अशी गोष्ट आहे. मित्रांना वाचून दाखवली, कुणी हसलं नाही. संहिता सोबत पाठवतो. काय चुकलं?
ता. क. : बाबांचा किनाऱ्यावर शॅक (खाण्यापिण्याची झोपडी) आहे. संध्याकाळी सनबेड उचलायला मला जावं लागतं, त्यामुळे शूटिंग सकाळीच जमेल. चालेल ना?

उत्तर : संहिता वाचली. पाचव्या पानावर बिकिनीतली परदेशी बाई अवतरते आणि तिघं तिच्याकडे बघत बघत नारळाच्या झाडावर आपटतात, तिथे मी वही मिटून चहा ठेवायला उठले. राग नाही आला, कंटाळा आला. हे आपटणं मी स्वतः तीन सिनेमांत सांभाळलंय, कपाळावरच्या टेंगळासकट.

मुंबईच्या मुलांना किनाऱ्यावर कुणी ओळखत नाही, म्हणून ती तिथे वाट्टेल ते करू शकतात. तुमची पंचाईत वेगळी आहे रे. एवढा मैलभर उघडा किनारा, आणि लपायला एक जागा नाही! जीवरक्षक म्हणजे दादाचा दोस्त, शेजारचा शॅकवाला म्हणजे मामेभाऊ, आणि रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांतला एक तरी विचारणारच, ‘तूं कोणालो रे?’ त्याला बापाचं नाव सांगितलं की संपलं.

मी सोळा वर्षांची असताना शिकवणी बुडवून दोन मैत्रिणींबरोबर हरमलला गेले होते. कदंबच्या बसने. मैत्रिणीच्या भावाचा गॉगल मी लावलेला, आपल्याला कुणी ओळखणार नाही या भ्रमात. पाण्यात पाय बुडवले, गाड्यावर रस ऑम्लेट (वर तिखट रस्सा घातलेलं) खाल्लं, साडेसहाच्या आत घरी. आई ओसरीवर मासळीवालीकडून बांगडे घेत होती. मला बघून मासळीवाली म्हणाली, ‘बाय, रस्सा तिखट नव्हता ना?’ आईने बांगड्यांचा भाव केला, पैसे दिले, टोपली उचलून दिली आणि मग माझ्याकडे वळली. ती मधली दोन मिनिटं मला अजून आठवतात. गॉगल डोक्यावर तसाच होता.

तुमची गोष्ट तुझ्या ता. क. मध्ये आहे. मुलगी समुद्रावर फिरायला येते ती संध्याकाळी, आणि नेमक्या त्याच वेळी हीरोच्या दोन्ही हातांत बाबांचे सनबेड. कॉलेजात त्याने काय काय थापा मारल्या असतील, त्या आता बेडखाली लपवायच्या कशा? ती बेडवर बसली तर? बाबांनी तिला गिऱ्हाईक समजून भाडं सांगितलं तर? आणि तिच्याकडून भाडं नको, असं बाबांना म्हणायची हिंमत त्याच्यात नसेल तर? हसू तुला लिहावं लागणार नाही. मोठं होणं वगैरे जे तू शेवटच्या पानावर भाषणात घातलंयस, ते काढ. त्याने तिच्यासमोर न लाजता पुढचा बेड उचलला, तेवढं पुरे.

आता कामाचं. आपल्याकडे कोकणीत किनाऱ्याला ‘वेळ’ म्हणतात, आणि वेळेवर शूटिंग करणाऱ्याला वेळच पुरत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. आमच्या एका शूटिंगला रविवारी चार वाजता टणक ओल्या वाळूवर दोन मुलं सायकल शिकत होती. उरलेला अर्धा सीन बुधवारी चारला घ्यायला गेलो तर तिथे गुडघाभर पाणी. दिग्दर्शक माझ्याकडे असा बघायला लागला, जणू समुद्र मीच पुढे ढकलला. तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघ आणि एक सीन एका दमात संपव. केस आणि चड्डी ओली की सुकी, हे प्रत्येक शॉटनंतर वहीत लिही. पायांचे ठसे राहणारच. त्यासाठी दुसऱ्या टेकला दहा पावलं बाजूला सरकायचं, झाडणी घेऊन वाळू झाडत बसायचं नाही (आम्ही बसलो होतो).

सकाळचं शूटिंग चालेलच, उलट बरं. ऊन माडांमागून येतं, समुद्राकडे पाठ करून उभं केलंस तर चेहरे स्वच्छ दिसतात. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून कॅमेरा लावला की नुसत्या काळ्या बाहुल्या. सनबेडचा प्रसंग मात्र संध्याकाळीच घे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो, त्याआधीचा अर्धा तास बाबांकडून मागून घे. नाहीतर बाबांनाच बाबा कर.

रात्रीच्या शेकोटीचा सीन नको. मांद्र्याला आणि मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि उजेड दिसला की पिल्लं पाण्याऐवजी उजेडाकडे चालू लागतात. परवानगीबद्दल पणजीत एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे चौकशी कर. फोन असला तरी विचारलेलं बरं.

प्रश्न : समुद्रावरच्या तरुणाईचे हे सिनेमे आले कुठून? आणि त्यातले ‘कॉलेजकुमार’ एवढे थोराड का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : अमेरिकेतून. १९६३ च्या ‘बीच पार्टी’नंतर तशा सिनेमांची रांगच लागली, आणि त्यातली मुलं विशी ओलांडलेली होती. पण त्याआधी १९५९ चा ‘गिजेट’ आला. तो फ्रेडरिक कोनर यांच्या कादंबरीवरचा. त्यांची मुलगी कॅथी मालिबूच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायची, घरी येऊन तिथल्या गमती सांगायची. वडिलांनी त्या ऐकल्या आणि १९५७ मध्ये पुस्तक काढलं. मांद्र्याच्या मंडळींनी हे उत्तरही वाचावं.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर सिनेमा करतोय. जूनमध्ये पावसात समुद्रात उतरण्याचा सीन आहे म्हणतो. जाऊ देऊ का? – एक आई, मडगाव

उत्तर : नाही. पावसाळ्यात लाल बावटा असतो तो उगाच नाही. त्याला म्हणावं, कॅमेरा घराच्या ओटीवर लाव, पागोळ्या घे आणि समुद्राचा नुसता आवाज ऐकव. भिजायचंच असेल तर अंगणात. भजी तुम्ही करा.