तंबूत सिगडी त्यांनी ठेवली, तर जबाबदारी तुमची कशी?

प्रश्न : आम्ही इंदूरचे. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारला जोडून यजमान, सासूबाई (वय 71), दोन मुलं आणि मी असे नर्मदेच्या बॅकवॉटरकाठच्या एका खासगी लक्झरी कॅम्पला गेलो. बुकिंग ॲपवरून केलं, दोन रात्रींचे 38,500 रुपये आधीच भरले. जाहिरातीत हीटर असलेला तंबू, चोवीस तास गरम पाणी, पक्षीनिरीक्षण, बोटिंग असं सगळं होतं. प्रत्यक्षात हीटर लावला की वीज जायची. पहिल्याच रात्री सासूबाईंना थंडी सोसेना, तेव्हा तिथल्या माणसांनी पेटत्या कोळशाची सिगडी तंबूत आणून ठेवली आणि वारा येऊ नये म्हणून दाराची चेन लावून घ्यायला सांगितलं. पहाटे तीनच्या सुमारास धाकट्याला उलट्या सुरू झाल्या आणि सासूबाई हलवूनही नीट जाग्या होईनात. जवळच्या गावातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत दोघंही सावरले. आम्ही तसेच घरी परतलो.

कॅम्पवाले म्हणतात, सिगडी तुम्हीच मागितली, शिवाय यजमानांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशा फॉर्मवर सही केली आहे. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. मी गूगलवर रिव्ह्यू लिहिला तर त्यांच्या वकिलाची पाच लाखांची अब्रुनुकसानीची नोटीस आली. रिव्ह्यू काढलात तर दोन रात्रींचं व्हाउचर देऊ, असाही निरोप आहे. दावा फक्त दिल्लीत करता येईल, असं अटींत लिहिलं आहे. सासूबाई म्हणतात, जीव वाचला ना, आता सोडून द्या. तक्रारीचा मसुदा सोबत जोडते आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी. व्हाउचर घेऊ नका आणि रिव्ह्यू काढू नका. व्हाउचर घेतलंत की 'प्रकरण आपसांत मिटलं होतं' हाच त्यांचा पहिला बचाव होईल. व्हाउचरचा तो निरोप मात्र जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमचा मसुदा वाचला. त्यात अकरा मुद्दे आहेत. गार जेवण, कोमट पाणी, उशिरा निघालेली पक्षीनिरीक्षणाची फेरी, धुक्यामुळे रद्द झालेलं बोटिंग... आणि सिगडीचा मुद्दा नवव्या क्रमांकावर! तो पहिला घ्या. बोटिंगचा मुद्दा तर काढूनच टाका. धुक्यात बोट पाण्यात न घालणं ही त्यांनी त्या दोन दिवसांत केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट होती. त्यावर तक्रार केलीत तर त्यांचा वकील तेवढंच धरून बसेल आणि तुम्ही हौशी तक्रारखोर ठराल. जेवणाचं एका ओळीत लिहा किंवा सोडून द्या.

त्या रात्री काय झालं ते नीट समजून घ्या, कारण सगळी केस त्यावर उभी आहे. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. निखारे लाल झाले आणि धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं लोकांना वाटतं, पण धूर दिसत नसतानाही हा वायू निघतच असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला ते कळतच नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यात लवकर सापडतात. हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या मध्य प्रदेशात दर वर्षी येतात. पैसे घेऊन माणसांना तंबूत झोपवणाऱ्याला हे ठाऊक असलंच पाहिजे. ठाऊक नसेल तर त्याने हा धंदा करू नये.

म्हणून 'सिगडी तुम्हीच मागितली' या उत्तराला घाबरू नका. सासूबाईंनी ऊब मागितली होती. ती हीटरने देऊ, असं सांगून पैसे घेतले होते. हीटर चालेना म्हणून सिगडी कुणी काढली, कोळसा कुणी पेटवला, चेन लावा असं कुणी सांगितलं? अगदी तोंडाने 'सिगडी द्या' असं म्हटलं असेल तरी 'बंद तंबूत ठेवता येणार नाही' हे सांगणं त्यांचं काम होतं. एक सावधगिरीचा शब्द मात्र सांगते. चेन लावायला सांगितल्याचा पुरावा आज फक्त तुमचं म्हणणं आहे. शेजारच्या तंबूतल्या कुटुंबांनाही सिगड्या दिल्या असतील तर त्यांच्यापैकी एकाचं शपथपत्र मिळवा. तसं काही मिळालं नाही, तर 'तुम्हीही काळजी घ्यायला हवी होती' म्हणून ग्राहक आयोग भरपाईची रक्कम थोडी कमी करू शकतो. केस मात्र त्याने पडत नाही.

आता यजमानांनी सही केलेला फॉर्म. त्याची भीती सगळ्यांना वाटते, तेवढी ती खरी नाही. दगडावरून पाय घसरला, ट्रेकमध्ये मुरगळला, हे धोके निसर्गात फिरायला जाणारा जाणूनबुजून पत्करतो आणि फॉर्म फार तर तिथवर पोचतो. कॅम्पच्या स्वतःच्या हयगयीला तो झाकत नाही. ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हाच प्रश्न पाहिला होता. पाहुण्याची गाडी हॉटेलच्या ताब्यातून चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या टोकनवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. स्वतःची हयगय असताना अशा छापील वाक्यामागे हॉटेलला लपता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तिथे गाडी होती, इथे नातू आणि आजी आहेत. तुमच्या वकिलाला हा निकाल दाखवा.

इथे एक तांत्रिक सूचना. मसुद्यात तुम्ही हा फॉर्म 'अन्यायकारक करार' म्हणून रद्द करून मागितला आहे. ती मागणी जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी भोपाळच्या राज्य आयोगाकडे जावं लागतं. ते कलम काढा. तुमची तक्रार 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या दोनच पायांवर ठेवा, म्हणजे ती इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढेच राहील.

आणि हो, इंदूरलाच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या आयोगाकडे जाता येतं. तो हक्क कायद्याने दिलेला आहे, ॲपच्या अटींतल्या एका ओळीने तो जात नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोग ऐकतो, आणि ही मर्यादा तुम्ही भरलेल्या पैशांवरून मोजतात, मागितलेल्या भरपाईवरून नाही. फीसुद्धा तशीच ठरते, पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. म्हणजे 38,500 परत मागितले आणि वर तीन लाख भरपाई मागितली तरी फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार हिंदीत लिहिली तरी चालते आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत त्या रात्रीपासून दोन वर्षं. मसुद्यातला वीस लाखांचा आकडा मात्र खाली आणा. तुमचा राग मला कळतो, पण दोघंही सकाळपर्यंत बरे झाले आहेत आणि फुगवलेला आकडा खऱ्या दुखण्याचं वजन कमी करतो. बुकिंगची पूर्ण रक्कम, दवाखाना आणि गाडीचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि कलम 39 खाली दंडात्मक भरपाई, एवढं नेमकं मागा. बुकिंग कुणाच्याही नावावर असो, सेवेचा लाभ घेणारा प्रत्येक जण कायद्याने ग्राहक आहे. त्यामुळे मुलाच्या आणि सासूबाईंच्या त्रासासाठीही भरपाई मागता येते.

तुमची कमकुवत बाजू दवाखान्याच्या कागदात आहे. त्यावर फक्त 'डोकेदुखी, उलट्या, ऑक्सिजन दिला' एवढंच आहे, कार्बन मोनॉक्साइडचं नाव नाही आणि रक्ताची ती तपासणीही झालेली नाही. त्यांचा वकील म्हणेल, रात्रीचं जेवण बाधलं असेल. याला उत्तर आहे. एकाच तंबूत झोपलेल्या दोघांना एकाच वेळी त्रास होतो, जेवलेले बाकीचे ठीक राहतात आणि ऑक्सिजन मिळताच दोघंही सावरतात, हे बाधलेल्या जेवणाचं चित्र नाही. शिवाय हा वायू रक्तातून लवकर उतरतो, साध्या हवेतही चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, म्हणून छोट्या गावातल्या दवाखान्यात तपासणी न होणं यात नवल नाही. त्या डॉक्टरांकडे केसपेपरची पूर्ण प्रत लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. 'तंबूत सिगडी होती' असं तुम्ही तेव्हा सांगितलं असेल आणि त्यांनी टिपलं असेल तर ती एक ओळ सोन्यासारखी आहे. मग इंदूरमधल्या एखाद्या फिजिशियनकडून हे कागद पाहून लेखी मत घ्या.

यजमानांनी सिगडीचा व्हिडिओ काढला आहे, हे फार चांगलं झालं. तो फोन विकू नका, बदलू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीपेक्षा मूळ फाइलला किंमत असते. तिच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुरावा ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं, प्रमाणपत्र जोडा. ॲपवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा. 'हीटर' हा शब्द तिथून उद्या नाहीसा होऊ शकतो.

ॲपलाही विरुद्ध पक्ष करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. आधी त्याला लेखी तक्रार पाठवा. जाहिरातीत सांगितलेली सोय सेवेत नसेल तर परतावा नाकारता येत नाही, असंही हे नियम विक्रेत्याला बजावतात. सिगडीची जबाबदारी ॲपवर कितपत येईल यावर वाद होईल, पण हीटरची जाहिरात त्यांच्याच पानावर होती आणि पैसेही त्यांनीच घेतले.

नोटिशीबद्दल. ती वकिलाची आहे, कोर्टाची नाही. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालचा गुन्हा आहे खरा, पण पोलीस त्यात स्वतःहून गुन्हा नोंदवत नाहीत. समोरच्याला मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते आणि दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटला तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि इतरांना सावध करण्यासाठी सद्भावनेने लिहिलेला इशारा, हे दोन्ही त्याच कलमाच्या अपवादांत बसतात. तुमच्या रिव्ह्यूत एकच शब्द अडचणीचा आहे, मथळ्यातला 'खुनी'. तो बदला. जुन्या आणि नव्या मजकुराचे स्क्रीनशॉट ठेवा आणि जे घडलं तेवढंच राहू द्या: तारीख, हीटर, सिगडी, दवाखाना. नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. त्याच उत्तरात तुमची मागणी मांडा आणि ते स्पीड पोस्टने पाठवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतील म्हणून त्या 'सोडा' म्हणत असतील, तर तशी गरज पडणार नाही. ही कामं मुख्यतः शपथपत्रांवर चालतात आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. त्यांचं शपथपत्र नोटरीकडून करून घ्या. रात्री डोकं कसं झालं, काय आठवतं, सिगडी कुणी कुठे ठेवली, हे त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

राहिलं एक काम, आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी आहे. तुमच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या तंबूंत दर शनिवारी दुसरी कुटुंबं झोपणार आहेत. कायद्यात तीन महिन्यांची मुदत सांगितली असली तरी निकालाला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून कॅम्प ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कलेक्टरांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 खाली लेखी तक्रार द्या. ग्राहकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या प्रथेची कलेक्टर कलम 16 नुसार चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. सोबत तिथल्या पोलीस ठाण्यालाही अर्ज द्या. हयगयीने आग हाताळून माणसांना धोक्यात घालणं हा न्याय संहितेच्या कलम 287 खालचा गुन्हा आहे आणि इजा झाली असेल तर कलम 125 ही लागतं. तेवढ्या लांब जाणं जमत नसेल तर इंदूरच्या ठाण्यातही झीरो एफआयआर (घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी नोंदवता येणारी फिर्याद) देता येतो. पैशांच्या बोलणीत मात्र या अर्जाची धमकी वापरू नका. अर्जात एकच मागणी ठळक लिहा: तंबूत कोळसा नेणं ताबडतोब बंद करावं. थंडी फेब्रुवारीपर्यंत आहे, त्यामुळे आयोगाची तक्रार महिन्याभराने दाखल झाली तरी चालेल, हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.