शेक चालू आहे, पण बिडी सुटत नाही

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 62) स्वरयंत्राचा कर्करोग झाला असून चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आम्ही त्यांना शेकासाठी (किरणोपचारासाठी) जळगावला नेतो. बिडी त्यांनी कमी केली, पण सोडलेली नाही. “जे व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय उपयोग?” असे नाना म्हणतात. खरेच उपयोग नाही का?

उत्तर : उपयोग आहे, आणि तो आजपासूनच आहे. होऊन गेले ते बदलता येत नाही, हे नानांचे म्हणणे मान्य. परंतु शेकाचा गुण किती येणार, हे अजून ठरायचे आहे.

किरणांनी कर्कपेशी नीट मरण्यासाठी गाठीपर्यंत पुरेसा प्राणवायू पोहोचावा लागतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो; त्यामुळे ओढणाऱ्याच्या गाठीला प्राणवायू कमी मिळतो आणि तेवढ्याच किरणांचा परिणाम उणा पडतो. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडचा समजही चुकीचा आहे, कारण टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी खेळत नाही आणि बिडी विझू नये म्हणून झुरके सारखे घ्यावे लागतात. मात्र बिडी थांबवली की हा वायू एक-दोन दिवसांत रक्तातून बहुतांशी निघून जातो, म्हणजे पुढचे शेक अधिक कामी येऊ शकतात.

शिवाय तोंड येणे, घसा सोलवटणे आणि लाळ आटणे हे त्रास ओढणाऱ्यांत अधिक तीव्र होतात व लांबतात. भाकरीचा घासही गिळवेनासा झाला, वजन उतरले आणि त्यापायी शेकात खंड पडला, तर रोगाला वाव मिळतो. पुढे शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर जखम उशिरा भरते. केमोच्या काही औषधांचे रक्तातले प्रमाणही धुरामुळे घटते. अमेरिकेच्या सर्जन जनरल (तिथल्या सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी) यांच्या 2014 च्या अहवालाने कर्करोग झाल्यानंतरचे धूम्रपान आणि वाढता मृत्युधोका यांतला कार्यकारणसंबंध स्पष्टपणे मान्य केला आहे.

आता सोडवायची कशी? बंडल लपवून किंवा “तुमच्यामुळेच हे झाले” असे सुनावून कोणाचीही बिडी सुटत नाही. नाना आधीच घाबरलेले असतील आणि अपराधी भावनेने माणूस चोरून ओढू लागतो. मग डॉक्टरांपर्यंत खरे पोहोचत नाही, हा मोठाच तोटा. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोपमोड आणि तल्लफ यांचा जोर सर्वाधिक असतो व पुढच्या काही आठवड्यांत तो ओसरतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्या. भेटायला येणाऱ्या सोबत्यांना आणि शेतातल्या सालदारालाही ओट्यावर बिडी पेटवू नका असे स्पष्ट सांगा. बिडीऐवजी तंबाखू-चुना किंवा मिसरी हा पर्याय मुळीच नाही.

निकोटीनची च्युइंगम सहज मिळते, पण शेकाने तोंड हुळहुळे झालेले असताना ती झोंबते. अशा वेळी त्वचेवर लावायची पट्टी किंवा गोळ्या यांपैकी काय योग्य, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे. पुढच्या शेकाच्या वेळी नाना दिवसाला किती बिड्या ओढतात तो खरा आकडा त्यांना सांगा. शासनाच्या 1800-11-2356 या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. मात्र तो फोन स्वतः नानांनी करावा, तुम्ही फक्त शेजारी बसा.