वाचकांचे प्रश्न : स्कॅनर पेटतो, पण गाडीशी संपर्क होत नाही

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यामुळे मी गाडीतील बिघाडाचे संकेत वाचणारा एक स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये बसवला की त्याचा पडदा उजळतो. चावी फिरवल्यावर तो थोडा वेळ शोध घेतो आणि ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा संदेश देतो. मित्राच्या गाडीत तोच स्कॅनर व्यवस्थित चालतो. माझी गाडी चालण्यात काहीच अडचण नाही. एका गॅरेजने ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने पोर्ट बदलण्याचा सल्ला दिला. खर्चात पडण्याआधी मी स्वतः काय तपासू शकतो?

उत्तर : ईसीयूचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा. इंजिन सुरळीत सुरू होते आणि चालते, याचाच अर्थ ईसीयूला वीज आणि अर्थिंग दोन्ही मिळत आहेत. त्यातील फक्त संपर्काचा भाग बिघडणे अशक्य नसले, तरी तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. मोजमाप न करता ईसीयू बदला म्हणणाऱ्या गॅरेजकडे मी तरी पुन्हा जाणार नाही.

मित्राच्या गाडीत स्कॅनर चालला, हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. पोर्टचा आकार सगळीकडे सारखा असला, तरी त्यातून जाणारी भाषा गाडीच्या वयानुसार बदलते. नव्या गाड्या ‘कॅन’ या पद्धतीने बोलतात आणि त्यासाठी पिन क्रमांक 6 आणि 14 वापरतात. त्याआधीच्या अनेक गाड्या ‘के-लाइन’ नावाच्या एकाच तारेवर, म्हणजे पिन क्रमांक 7 वर बोलतात. अमेरिकेत 1996 पासून हे पोर्ट सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाले, पण तेथेही ‘कॅन’ची सक्ती 2008 च्या मॉडेलपासूनच आली. त्यामुळे मधल्या काळातील गाडी असल्यास स्वस्त नकली स्कॅनर तिच्यापुढे मुका राहू शकतो, कारण अशा काही स्कॅनरमध्ये जुन्या पद्धतींची सोय अर्धवट असते किंवा मुळीच नसते. विजेरीच्या उजेडात पोर्टमध्ये पाहा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून 1 ते 8 आणि खालच्या ओळीत 9 ते 16 अशा जागा असतात. 6 आणि 14 मध्ये धातूची पट्टी नसेल आणि 7 मध्ये असेल, तर आपल्या स्कॅनरला के-लाइन येते का, हे आधी खात्रीने पाहावे.

पाहतापाहताच एखादी पट्टी इतरांपेक्षा आत सरकलेली आहे का, हेही तपासून घ्या. स्कॅनर जोरात दाबला की खाच सुटलेली पट्टी मागे ढकलली जाते आणि समोरून मात्र सगळे ठीकठाक दिसते. मल्टिमीटरचे (व्होल्ट आणि ओहम मोजणाऱ्या उपकरणाचे) जाड टोक या पट्ट्यांत खुपसण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पट्टी फाकते आणि जो दोष नव्हता तो नव्याने निर्माण होतो. बारीक टाचणीसारखे टोक वापरावे किंवा पोर्ट सोडवून मागच्या बाजूने मोजावे.

आता वीज. पिन 16 वर बॅटरीचा धन प्रवाह असतो. 4 ही गाडीच्या सांगाड्याची अर्थिंग आणि 5 ही संदेशासाठीची अर्थिंग. पडदा उजळला म्हणजे वीज पोहोचते आहे एवढेच सिद्ध होते, ती पुरेशी पोहोचते आहे हे नव्हे. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटर इमानेइतबारे 12 व्होल्ट दाखवतो, कारण मोजताना तो जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. म्हणून पार्किंगच्या दिव्याचा 5 वॉटचा लहान बल्ब होल्डरसह घ्या आणि तो 16 व 4 यांच्यात, मग 16 व 5 यांच्यात जोडून पाहा. दोन्ही वेळा तो सारख्याच तेजाने पेटला पाहिजे. 5 वर मंद झाला तर ती अर्थिंग जेथे बॉडीला बोल्टने कसलेली आहे, तेथील गंज किंवा रंगाचा थर खरवडून काढावा. हा बल्ब 6, 7 किंवा 14 ला मात्र चुकूनही लावू नये.

येथपर्यंत सगळे ठीक निघाले तर खरा शोध सुरू होतो. ‘कॅन’च्या जोडतारेच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो आणि ते समांतर असल्यामुळे 6 व 14 मध्ये 60 ओहम मिळायला हवेत. हे मोजण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे. 60 मिळाले तर तारा शाबूत आहेत. 120 मिळाले तर एक टोक तुटलेले आहे. शून्याच्या आसपास मिळाले तर दोन तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. आणि 40 च्या आसपास मिळाले तर बाहेरून बसवलेल्या एखाद्या उपकरणाने तिसरा रोधक आणला असावा. ज्या गाड्यांत पोर्ट आणि बाकीचे जाळे (गाडीतील संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा) यांच्यामध्ये संदेश पुढे पाठवणारे ‘गेटवे’ मॉड्यूल असते, तेथे हे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंग नकाशा जवळ असलेला बरा. नंतर बॅटरी जोडून, चावी ‘ऑन’ ठेवून व्होल्ट मोजावेत. 6 वर अडीच व्होल्टपेक्षा किंचित जास्त आणि 14 वर किंचित कमी दिसणे हे निरोगी जाळ्याचे लक्षण आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे गाडी चालण्यात अडचण नाही, ही. ‘कॅन’ असलेल्या गाडीत डॅशबोर्डवरील इंजिनाचे फेरे आणि तापमान बहुधा याच जोडतारेवरून येतात. ते काटे नीट चालत असतील आणि पोर्टवर मात्र 6 व 14 मध्ये काहीच जोडणी मिळत नसेल, तर मुख्य जाळे ठीक आहे आणि दोष त्या जाळ्यापासून पोर्टपर्यंतच्या तुकड्यात किंवा गेटवेत आहे. तो तुकडा अनेकदा नंतर बसवलेल्या अलार्म किंवा ट्रॅकरने कुरतडलेला असतो. पोर्टमागे काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला, तर तेथूनच सुरुवात करावी. के-लाइनच्या गाडीत नव्या स्टिरिओवरही नजर ठेवा : फोक्सवॅगन समूहाच्या काही जुन्या गाड्यांत ही तार कारखान्याच्या स्टिरिओपर्यंत जाते आणि बाहेरचा स्टिरिओ तिला खाली खेचून संपर्कच बंद पाडतो. स्टिरिओचा प्लग काढून पुन्हा प्रयत्न केला की निकाल लगेच कळतो.

डॅशबोर्डखाली काम करताना पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नये; त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

प्रश्न : पोर्टमध्ये लावल्यावर स्कॅनरचा दिवाच लागत नाही. फ्यूज बदलला की चालतो आणि काही दिवसांनी पुन्हा बंद पडतो. मोठा फ्यूज टाकू का?

उत्तर : मुळीच टाकू नये. फ्यूज तारेला वाचवतो. मोठा टाकला तर त्याच्याऐवजी तार जळेल. पिन 16 चा फ्यूज बऱ्याच गाड्यांत चार्जिंगच्या सॉकेटबरोबर किंवा आतल्या दिव्याबरोबर सामायिक असतो, त्यामुळे दोष पोर्टमध्ये नसून त्या सॉकेटमध्ये पडलेल्या नाण्यात किंवा सैल चार्जरच्या टोकात असण्याचीच शक्यता जास्त. सॉकेट रिकामे ठेवून काही दिवस गाडी वापरून पाहावी.

प्रश्न : ब्लूटूथचे छोटे अ‍ॅडॉप्टर घेतले आहे. त्याचा दिवा लागतो, अँड्रॉइड फोनवर जोडले जाते, पण आयफोनच्या यादीत दिसतच नाही.

उत्तर : हा गाडीचा दोष नव्हे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारी बहुतेक साधी अ‍ॅडॉप्टर आयफोनबरोबर काम करत नाहीत. त्यासाठी ‘ब्लूटूथ लो एनर्जी’चे किंवा वाय-फायचे अ‍ॅडॉप्टर लागते. लो एनर्जीचे अ‍ॅडॉप्टर फोनच्या सेटिंगमधून न जोडता थेट अ‍ॅपमधून जोडायचे असते. वाय-फायचे घेतले तर वापरताना मोबाइल डेटा बंद ठेवावा, कारण त्या वाय-फायवर इंटरनेट नसल्याचे पाहून फोन अनेकदा गुपचूप डेटाकडे वळतो आणि अ‍ॅप ताटकळत राहते.

प्रश्न : विजेवरील गाडीलाही असेच पोर्ट आहे, पण साधा स्कॅनर संपर्क झाला नाही म्हणतो.

उत्तर : साधा स्कॅनर विचारतो ते प्रश्न मुळात इंजिनाच्या धुराशी संबंधित आहेत. ज्या गाडीत इंजिनच नाही, ती त्यांना उत्तर देण्यास बांधील नाही. आपल्या मॉडेलचे नाव घेऊन आधार देणारे अ‍ॅप किंवा त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर वापरावा.