रुग्णालयाने अभिप्रायाखाली गर्भपाताचा उल्लेख केला, आता काय करू?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे स्क्रीनशॉट पाहिले. न झालेल्या दोन तपासण्या बिलात लावल्या, म्हणून तुम्ही गूगल मॅप्सवर रुग्णालयाबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यावर आपलं पूर्ण नाव आणि फोटो झळकेल, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्याखाली रुग्णालयाने उत्तर दिलं, ‘गर्भपातासाठी आलात तेव्हा काही तक्रार नव्हती.’ ते सासरी वाचलं गेलं. वर रुग्णालयाची अब्रुनुकसानीची नोटीस.

नाव दिसल्याबद्दल ॲपवर दावा लावावा का, असं विचारता. त्यातून फारसं हाती लागणार नाही. अभिप्राय सगळ्यांना दिसेल, अशी सूचना तिथे असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातूनही माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे. प्रोफाइलचं नाव मात्र बदलून घ्या.

रुग्णालयाचं ते वाक्य वाचून मला संताप आला. ही माहिती तुम्ही कुठेच लिहिली नव्हती. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील डॉक्टरने उघड करू नयेत, असं वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली आलेलं कलम ५-अ सांगतं. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण हे कलम नोंदणीकृत डॉक्टरला लागतं. उद्या ‘रिसेप्शनवरच्या मुलीने लिहिलं’ म्हणून ते हात झटकतील. म्हणून उत्तरी नोटिशीत पहिलाच प्रश्न हा घाला: रुग्णालयाचं गूगल खातं कोण चालवतं, आणि उपचाराची माहिती त्याला कुणी दिली? रुग्णाचं गुपित राखण्याचं बंधन डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करा.

अब्रुनुकसानीला घाबरून अभिप्राय पुसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी केलेलं खरं विधान अपवाद आहे, पण ते खरं असल्याचं तुम्हाला दाखवावं लागेल. तेव्हा बिल जपा आणि उपचाराची कागदपत्रं लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. अभिप्रायातला ‘लुटारू’ हा शब्द तेवढा काढा, बिलाची हकिकत राहू द्या.

त्यांचं उत्तर हटवण्याची तक्रार गूगलकडे कराच, पण आधी लिंक आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ज्या फोनवर तो घ्याल, तो फोन सध्या विकू नका, फॉरमॅटही करू नका. स्क्रीनशॉट कोर्टात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा तो लागेल.